एकच गाणं, दोनदा: सिंधुदुर्गचे वसंत देसाई

प्लेबॅक येण्याआधीची गोष्ट. कोल्हापूरच्या प्रभातने १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत काढला. म्हणजे गोविंदराव टेंबे, दुर्गा खोटे यांनी कॅमेऱ्यासमोरच गायचं, तेही दोन-दोनदा!

कुडाळजवळच्या सोनवड्याचे वसंत देसाई याच प्रभातमध्ये पडेल ते काम करत संगीत शिकले. पुढे ते शांतारामबापूंच्या ‘राजकमल’चे संगीतकार झाले. शाळेतली ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’ ही प्रार्थना त्यांचीच. १९५१ चा ‘अमर भूपाळी’ही हिंदीत निघाला, पण घरोघरी राहिली ती मराठी ‘घनश्याम सुंदरा’च. २२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत लिफ्टच्या अपघातात ते गेले.