हेलसिंकीची गादी आणि गोळेश्वरची माती

कृष्णा आणि कोयना यांचा संगम जिथे होतो, त्या कराडलगत गोळेश्वर हे छोटे गाव आहे. स्वतंत्र भारताला ऑलिम्पिकमधील पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म या गावी १५ जानेवारी १९२६ रोजी झाला. वडील दादासाहेब हे स्वतः नामांकित मल्ल होते. पाच भावांत धाकटे असलेल्या खाशाबांना तालमीची वाट घरातच दाखवली गेली.

त्या काळी आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा, तासगावचा मुलूख सातारा जिल्ह्यातच मोडत असे. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि पुढे त्याचेच नाव सांगली पडले. जिल्ह्याची सीमा बदलली, तरी कृष्णाकाठची तांबडी माती एकच राहिली. गावोगावच्या जत्रांत कुस्त्यांचे फड रंगत आणि पंचक्रोशी तिथे लोटत असे. बेचाळीसच्या लढ्यात या मुलखाने इंग्रज सत्तेला आव्हान दिले, तेव्हा कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकणारे खाशाबाही भूमिगतांना आसरा देणाऱ्यांत होते.

शालेय शिक्षण संपवून ते कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. बाबुराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांच्यासारख्या वस्तादांच्या हाताखाली त्यांचा खेळ घडला. देहयष्टी ठेंगणी, पण चपळाई विलक्षण. प्रतिस्पर्ध्याची मान पकडून त्याला उचलून आपटणारा ढाक हा त्यांचा हुकमी डाव. अंगबळापेक्षा वेगावर आणि अचूक वेळ साधण्यावर त्यांची भिस्त असे.

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला ते गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या आर्थिक साह्याने. मातीत वाढलेला हा मल्ल तिथे गादीवर, आंतरराष्ट्रीय नियमांनी आणि गुणांच्या हिशेबाने लढला. तरीही फ्लायवेट गटात त्यांनी सहावे स्थान मिळवले. मायदेशी परतल्यावर पुढची चार वर्षे त्यांनी अधिक वजनी गटासाठी कसून मेहनत केली.

मात्र हेलसिंकीची वाट परदेशी मल्लांपेक्षा घरच्या अडथळ्यांनीच अधिक अडवली. मद्रासच्या स्पर्धेतील गुणदानावर आक्षेप घेऊन त्यांना पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागावी लागली. फेरलढत झाली आणि ती जिंकून त्यांनी संघात स्थान मिळवले. पुढचा प्रश्न खर्चाचा होता. गावकऱ्यांनी वर्गणी गोळा केली आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी राहते घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. एका शिक्षकाने विद्यार्थ्यावर टाकलेला हा विश्वास पुढे इतिहासाला कारणीभूत ठरला.

१९५२ च्या जुलैमध्ये हेलसिंकीत ५७ किलोच्या बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडा आणि मेक्सिकोच्या मल्लांना हरवून आगेकूच केली. जपानच्या शोहाची इशीई यांच्याशी झालेली लढत पंधरा मिनिटांहून अधिक चालली आणि गुणांवर त्यांच्या हातून निसटली. दमलेल्या खाशाबांना लगेचच सोव्हिएत संघाच्या रशीद ममदबेकोव्ह यांच्याशी लढण्यास सांगण्यात आले. नियमानुसार दोन लढतींमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. पण तो हक्क मागायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. ती लढतही त्यांनी गमावली आणि कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. इशीई यांना सुवर्ण, तर ममदबेकोव्ह यांना रौप्य मिळाले.

कराड स्थानकावर त्यांच्या स्वागताला शंभराहून अधिक बैलगाड्या जमल्या. एरवी काही मिनिटांत संपणाऱ्या गोळेश्वरच्या वाटेवर मिरवणूक कित्येक तास चालली. जल्लोष ओसरल्यावर खाशाबांनी पहिले काम केले ते कर्जफेडीचे. कोल्हापुरात कुस्त्यांचे मैदान भरवून, स्वतः लढून त्यांनी प्राचार्यांचे पैसे परत केले.

१९५५ मध्ये ते पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले. त्यानंतर बढतीसाठी त्यांना अनेक वर्षे वाट पाहावी लागली. सत्तावीस वर्षांच्या सेवेनंतर ते सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले, पण निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले.

दरम्यान, कृष्णाकाठची परंपरा पुढे चालूच होती. सांगलीजवळच्या कवठेपिरानचे मारुती माने यांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले. ऑलिम्पिकमधील वैयक्तिक पदकासाठी मात्र देशाला १९९६ पर्यंत, लिअँडर पेसच्या कांस्यपदकापर्यंत थांबावे लागले. कुस्तीतील दुसरे पदक २००८ मध्ये सुशीलकुमारने मिळवले, तर महाराष्ट्राच्या मातीतले पुढचे वैयक्तिक पदक २०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत पटकावले. मधली ७२ वर्षे हीच खाशाबांच्या कर्तृत्वाची खरी मोजपट्टी आहे.

सन्मान आले, पण उशिरा. अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला. २०१० मध्ये दिल्लीतील कुस्ती संकुलाला त्यांचे नाव देण्यात आले आणि पुढे राज्य सरकारने त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून जाहीर केला. हेलसिंकीत खाशाबांना हवा होता तो अर्ध्या तासाचा विसावा आणि आपल्या बाजूने बोलणारा एक माणूस. खेळाडूच्या पाठीशी वेळेवर उभे राहणे, हाच त्यांच्या आयुष्याने क्रीडा व्यवस्थेला दिलेला धडा आहे.