भदंत फाहियान आणि त्यांचे सोबती

शाळेच्या पुस्तकात फाहियान एका ओळीत संपतात : गुप्तकाळात भारतात आलेला चिनी प्रवासी. पण ते देश बघायला आले नव्हते. चीनमध्ये तेव्हा विनयाचे ग्रंथ अपुरे होते. भिक्खूंनी वागायचे कसे, हे पूर्ण कळावे म्हणून इ. स. 399 मध्ये, साठीच्या आसपास वय असताना, ते चांगआन नगरातून पायी निघाले. बरोबर चार भिक्खू. वाटेत चांगये येथे याच ध्यासाने निघालेले आणखी पाच जण भेटले आणि सर्वांनी मिळून तेथे वर्षावास केला. आपण आषाढी ते आश्विन पौर्णिमा विहारात वर्षावास पाळतो. ही मंडळी तो वाटेवरही पाळत.

तुनहुआंगच्या पुढे वाळवंट, सतरा दिवसांचे. खूण म्हणून मेलेल्यांची हाडे, दुसरे काही नाही. पुढच्या एका राज्यात पाहुणचार नीट झाला नाही, म्हणून तिघे शिधा मिळवायला मागे वळले. एक जण खोतानहून वेगळ्या वाटेने गेला. पामीर झाला, सिंधूवरचा दोरांचा पूल झाला, आणि पेशावरपर्यंत येता येता बाकीचेही गळाले. उरले तिघे. पुढे बर्फाच्या डोंगरात ह्वेइ-चिंग गारठून पडले. मला सोडा, तुम्ही पुढे व्हा, असे सांगून त्यांनी प्राण सोडला. त्यांच्या देहावरून हात फिरवत फाहियान रडले.

अशा वाटेवर माणूस तगतो तो विहारांच्या जिवावर. स्वातकडच्या उद्यान देशात पाहुण्या भिक्खूची तीन दिवस सोय होई, मग ज्याने त्याने आपली जागा शोधायची. मथुरेकडची रीत जास्त मायेची. तिथले भिक्खू सामोरे जाऊन पाहुण्याचे चीवर-पात्र स्वतः घेत, पाय धुवायला पाणी आणि अंगाला तेल देत. जेवणाची वेळ टळली असेल तर चालेल असे पेय देत. थोडा विसावा झाला की भिक्खू होऊन किती वर्षे झाली ते विचारून त्या मानाने अंथरूण. फाहियाननी हे आवर्जून लिहिले आहे. त्याच मुलखातले दुसरेही लिहिले आहे : चांडाळ गावाबाहेर राहत, बाजारात शिरताना लाकूड वाजवत, म्हणजे लोक बाजूला होत. परक्या देशच्या वाटसरूचे पाय धुणारा मुलूख तो, आणि आपल्याच माणसाच्या हाती लाकूड देणाराही तोच! बाबासाहेबांनी 1948 च्या ‘द अनटचेबल्स’ ग्रंथात या नोंदीची चर्चा केली आहे.

श्रावस्तीला जेतवनात पोहोचले ते दोघेच. तथागत जिथे इतके वर्षावास राहिले, तिथे पाय ठेवताना त्यांना परतलेले आणि गेलेले सोबतीच आठवले. पाटलिपुत्रात तीन वर्षे राहून फाहियान संस्कृत शिकले, विनय उतरवून घेतला. सोबतचे ताओ-चेंग मात्र इथल्या भिक्खूंची शिस्त पाहून इथेच राहिले.

आता एकटे. ताम्रलिप्तीहून जहाजाने सिंहलद्वीप. अनुराधपुरात बुद्धमूर्तीपुढे कोणा व्यापाऱ्याने वाहिलेला पांढऱ्या चिनी रेशमाचा पंखा दिसला आणि या खंबीर म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून धारा लागल्या.

परतीच्या वाटेवर जहाजात पाणी शिरले, व्यापारी सामान समुद्रात फेकू लागले. फाहियाननी आपला लोटा फेकला. ग्रंथांवर पाळी येऊ नये, एवढीच धास्ती. 412 साली जहाज शांतुंगच्या किनाऱ्याला लागले, पण देश कोणता तेच कळेना. मग ओळखीची पालेभाजी दिसली, तेव्हा खूण पटली. पुढे आजच्या नानजिंगमध्ये भदंत बुद्धभद्रांबरोबर बसून त्यांनी तो विनय चिनी भाषेत आणला.