इंधननळीमागचा रसायनज्ञ

जुनी मोटार पुन्हा रस्त्यावर आणायची म्हटली, की हौशी मालकाचे लक्ष प्रथम रंगाकडे, क्रोमच्या झिलईकडे आणि आसनांच्या कापडाकडे जाते. बॉनेटखालची बोटभर जाडीची काळी नळी बहुधा सर्वांत शेवटी आठवते. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचा पेट्रोलचा प्रवास बहुतांशी धातूच्या नळीतून होतो. पण इंजिन सतत थरथरत असते आणि गाडीचा सांगाडा तसा थरथरत नाही, त्यामुळे या दोहोंमधला सांधा लवचिकच असावा लागतो. हा सांधा तडकला, तर तापलेल्या इंजिनावर पेट्रोल ठिबकते आणि कित्येक महिन्यांची मेहनत काही मिनिटांत जळून खाक होते.

साधे नैसर्गिक रबर या कामी निरुपयोगी. पेट्रोलच्या संगतीत ते फुगते, मऊ पडते आणि अखेर त्याचा चुरा होतो. या अडचणीतून वाट काढणाऱ्या संशोधकांत ज्याचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते, तो वॉलेस ह्यूम कॅरोदर्स. जगाला तो नायलॉनचा जनक म्हणून ठाऊक आहे. मोटारीच्या इंधननळीशी असलेले त्याचे नाते मात्र फारसे कोणाच्या ध्यानात नसते.

कॅरोदर्सचा जन्म २७ एप्रिल १८९६ रोजी अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या बर्लिंग्टन येथे झाला. वडील वाणिज्य महाविद्यालयात शिक्षक होते. मुलानेही आधी हिशेबनिशीचे शिक्षण घेतले. ओढा मात्र रसायनशास्त्राकडे होता. मिसुरीतील टार्किओ महाविद्यालयात शिकत असताना तेथील प्राध्यापक सोडून गेले आणि विद्यार्थिदशेतल्या कॅरोदर्सवरच रसायनशास्त्र शिकवण्याची जबाबदारी येऊन पडली. १९२४ मध्ये इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून पुढे तो हार्वर्डमध्ये अध्यापक झाला.

त्याच सुमारास ड्यू पाँट कंपनीने विल्मिंग्टन येथील आपल्या प्रयोगशाळेत मूलभूत संशोधनाचा विभाग उघडण्याचे ठरवले. कॅरोदर्सने आधी नकार कळवला. नैराश्याचे झटके आपल्याला अधूनमधून ग्रासतात आणि उद्योगाच्या चाकोरीत त्याचा अडथळा होईल, असे त्याने स्वतःच कंपनीला प्रांजळपणे सांगितले होते. नोकरी मागताना उणिवा झाकण्याची रीत जगभर आहे. इथे तर नोकरी चालून आलेली असताना माणूस आपली उणीव पुढे करत होता. कंपनीने वेतन वाढवून दिले आणि १९२८ च्या प्रारंभी तो रुजू झाला.

एप्रिल १९३० हा त्या प्रयोगशाळेच्या इतिहासातला विलक्षण महिना ठरला. नोत्रे दाम विद्यापीठातील धर्मगुरू-रसायनज्ञ ज्युलियस न्यूलँड यांनी अ‍ॅसिटिलीन वायूवर केलेल्या कामाचा धागा पकडून कॅरोदर्सच्या गटातील आर्नोल्ड कॉलिन्स काही द्रवांचे शुद्धीकरण करत होता. त्यातला एक द्रव तसाच ठेवला गेला आणि काही दिवसांनी पाहिले, तर त्याचा घट्ट गोळा झालेला. कॉलिन्सने तो टेबलावर टाकला आणि गोळ्याने चेंडूसारखी उसळी घेतली. हेच पुढचे निओप्रीन. या रबराच्या साखळीत ठरावीक अंतराने क्लोरिनचा अणू बसलेला असतो. त्या अणूमुळे तेल-पेट्रोल साखळ्यांमध्ये सहज शिरत नाही आणि हवेतील ओझोनचाही मारा बराच थोपवला जातो. १९३१ च्या नोव्हेंबरात कंपनीने ते जाहीर केले. नैसर्गिक रबरापेक्षा ते बरेच महाग होते, तरीही जिथे तेलाशी गाठ होती, अशा नळ्या आणि गॅस्केटांसाठी त्याला गिऱ्हाईक मिळाले.

त्याच महिन्यात ज्युलियन हिल या सहकाऱ्याने वितळलेल्या पॉलिमरात काचेची कांडी बुडवून लांबच लांब धागा ओढला. तो धागा गरम पाण्यातही टिकत नसे. टिकणारा धागा मिळायला २८ फेब्रुवारी १९३५ हा दिवस उजाडावा लागला. त्या दिवशी जे तयार झाले, ते नायलॉन.

यश असे पायाशी येत असताना कॅरोदर्स मात्र आतून खचत होता. १९३४ मध्ये तो अचानक नाहीसा झाला आणि बाल्टिमोरच्या मानसोपचार रुग्णालयात सापडला. १९३६ मध्ये त्याचा हेलन स्वीटमन हिच्याशी विवाह झाला आणि त्याच वर्षी राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सदस्यत्वही मिळाले. उद्योगक्षेत्रातील सेंद्रिय रसायनज्ञाला हा मान प्रथमच मिळत होता. पण आपल्याला नवे काही सुचत नाही, आपण वाया गेलो, ही समजूत काही केल्या त्याच्या मनातून जाईना. जानेवारी १९३७ मध्ये लाडकी बहीण इसोबेल वारली. २९ एप्रिल १९३७ रोजी, एकेचाळिसावा वाढदिवस होऊन दोनच दिवस झाले असताना, फिलाडेल्फियातील एका हॉटेलात त्याने जीवनयात्रा संपवली. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याच्या मुलीचा जन्म झाला. नायलॉनची जाहीर घोषणा १९३८ मधली. ती ऐकायला तो नव्हता. त्याने गटात घेतलेल्या पॉल फ्लोरी या तरुणाला १९७४ चे नोबेल मिळाले.

आज दुकानात मागितली जाणारी इंधननळी निओप्रीनच्याही पुढे गेली आहे. कार्ब्युरेटरच्या गाडीसाठी साधारणपणे आतून नायट्राइल रबर, मध्ये दोऱ्याची वीण आणि बाहेरून पुष्कळदा निओप्रीनच्याच जातीचे आवरण, अशी रचना असते. प्रश्न उभा केला आहे तो इथेनॉलने. भारतात २०२५ मध्ये पेट्रोलमधील त्याचे प्रमाण वीस टक्क्यांच्या आसपास पोहोचले. जुन्या धाटणीचे रबर त्यात फुगते किंवा कडक होऊन तडकते. तेथे फ्लोरिनयुक्त रबराचे अस्तर असलेली नळी घ्यावी. नळीवर ‘एसएई जे३० आर९’ असा शिक्का असेल तर ती या वर्गातली समजावी. ‘आर६’ आणि ‘आर७’ हे कमी दाबाच्या कामाचे शिक्के. इंजेक्शनच्या इंजिनाला ते चालत नाहीत. मूळ दिसावी म्हणून कापडी विणीची नळी बसवण्याचा मोह अनेकांना होतो; विणीखालच्या भेगा दिसत नाहीत, हे लक्षात ठेवूनच तो करावा. धातूच्या भागाला तांब्याची नळी सोपी वाटते, पण ती कंपनाने ठिसूळ होते. तांबे-निकेलची किंवा लेप दिलेल्या पोलादाची नळी बरी.

नव्या मोटारींत रबराऐवजी नायलॉनच्या नळ्याही असतात. त्यांतील एक जात एरंडेलापासून बनते.