शिष्यवृत्तीची मुदत आणि आंबेडकरांचा अर्ज

पनवेलच्या महाविद्यालयांत प्रवेशाची धावपळ ओसरली की शिष्यवृत्तीच्या अर्जांचा हंगाम सुरू होतो. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, बँकेचे खाते यांची जुळवाजुळव चालते. कोणत्या योजनेत अर्ज करावा, वसतिगृह घ्यावे की निर्वाहभत्ता, याचा खल घरोघरी होतो. मात्र अर्ज नामंजूर झाला किंवा मिळालेली रक्कम अपुरी पडली, तर बहुतेक घरांत विषय तेथेच संपतो. एकदा नकार आल्यावर पुन्हा मागणे कमीपणाचे, अशी समजूत समाजात खोल मुरलेली आहे. मॅट्रिकनंतरच्या ज्या मदतीला विद्यार्थी ‘भारत सरकार शिष्यवृत्ती’ म्हणून ओळखतात, ती ज्यांच्या मागणीतून उभी राहिली, त्या डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचे विद्यार्थिजीवन या समजुतीच्या नेमके उलट आहे.

१९०७ मध्ये एल्फिन्स्टन हायस्कूलमधून ते मॅट्रिक झाले. लष्करातून निवृत्त झालेल्या सुभेदार रामजींच्या तुटपुंज्या मिळकतीत महाविद्यालयाचा खर्च फार काळ पेलणारा नव्हता. इंटरच्या परीक्षेनंतर कृष्णाजी अर्जुन केळुस्कर यांनी या विद्यार्थ्याची बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांशी भेट घडवून आणली आणि दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. तिच्या बळावर भीमराव बी. ए. झाले. १९१३ च्या आरंभी ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तोच २ फेब्रुवारीला वडिलांचे निधन झाले. घरचा आधार असा तुटलेला असताना परदेशी शिक्षणाची संधी पुढे आली.

४ जून १९१३ रोजी त्यांनी बडोदे संस्थानाशी करार केला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे, आणि शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी, अशा त्याच्या अटी होत्या. तेव्हाच्या १ शिलिंग ४ पेन्स या भावाने ही रक्कम महिन्याला सुमारे १७२ रुपये होते. पंचवीस रुपयांच्या तुलनेत आकडा मोठा दिसतो. परंतु तिच्यात न्यूयॉर्कसारख्या महागड्या शहरात राहायचे होते आणि मुंबईत रमाबाईंना घरखर्चाला पैसेही पाठवायचे होते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता कोणत्याही मदतीचे मोल केवळ रकमेवरून ठरत नाही. शिक्षणाच्या एकूण खर्चातून मदत वजा जाता काय उरते, ती किती काळ पुरते आणि तिच्या मोबदल्यात काय द्यावे लागते, या तिन्ही बाजू तपासाव्या लागतात. आंबेडकरांच्या करारातील दुबळी बाजू मुदतीची होती.

ही मुदत त्यांनी एकही दिवस वाया न घालवता वापरली. १९१५ मध्ये ते एम. ए. झाले. १९१६ मध्ये भारताच्या राष्ट्रीय उत्पन्नाविषयीचा प्रबंध त्यांनी पुरा केला आणि त्याच वर्षी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स व ग्रेज इन या दोन्ही ठिकाणी प्रवेश घेतला. आता अभ्यास आणि शिष्यवृत्ती यांची कालगणना जुळेनाशी झाली. मुदत वाढवून मिळावी म्हणून त्यांनी संस्थानाकडे विनंती केली. पण लंडनमधील अभ्यास पुरा होईल इतका अवधी काही मिळाला नाही. १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. मात्र निघण्यापूर्वी त्यांनी एक महत्त्वाची गोष्ट पदरात पाडून घेतली. प्रा. एडविन कॅनन यांच्या प्रयत्नाने, ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी विद्यापीठाने त्यांना दिली. पैसा मिळत नसेल तर निदान जागा आणि कालावधी राखून ठेवावा, हा त्यातील व्यवहार होता. तो साधला नसता तर पुढचे काहीच घडले नसते.

परतीचा काळ महायुद्धाचा होता. वेगळ्या जहाजाने पाठविलेले त्यांचे सामान व ग्रंथ समुद्रात बुडाले. त्या सामानाच्या भरपाईतून त्यांना बडोद्याचा प्रवासखर्च भागवावा लागला. करारानुसार ते संस्थानात रुजू झाले खरे. पण कोलंबियाच्या या पदवीधराला बडोदे शहरात राहायला घर मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव लपवून घेतलेला आसरा काही दिवसांतच सुटला. जमाव काठ्या घेऊन दारात आला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. दहा वर्षांच्या सेवेची अट ज्या संस्थानाने घातली, त्याच्या राजधानीत त्या सेवकाला डोक्यावर छप्पर मिळू शकले नाही. करार एका बाजूने पाळावयाचा असला तरी तो पाळता येईल अशी स्थिती दुसऱ्या बाजूने निर्माण करावी लागते, याचा विसर पडला की दोघांचेही नुकसान होते.

यानंतर तीन वर्षे गेली. नोव्हेंबर १९१८ ते मार्च १९२० या काळात त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात दरमहा ४५० रुपये वेतनावर अध्यापन केले आणि काटकसरीने पैसे साठविले. त्यात कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि कोलंबियातील मित्र नवल भथेना यांनी कर्जाऊ दिलेले पाच हजार रुपये यांची भर पडली. जुलै १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. पहिल्या वेळच्या मदतीत ठराविक मासिक रक्कम होती, पण मुदत आणि सेवेचे बंधन होते. दुसऱ्या वेळी सेवेचे बंधन नव्हते, मात्र डोक्यावर कर्ज होते आणि विनिमयदराचा सारा धोका स्वतःवर होता.

हा धोका लहान नव्हता. १९२० च्या आरंभी रुपयाचा भाव दोन शिलिंगांच्या वर चढला होता. १९२१ मध्ये तो दीड शिलिंगाच्याही खाली उतरला. दोन शिलिंगांच्या भावाने एका पौंडाला दहा रुपये पडतात, तर १ शिलिंग ४ पेन्सच्या भावाने पंधरा. रुपयांत बचत करून पौंडांत खर्च करणाऱ्या विद्यार्थ्याची पुंजी अशा घसरणीत पाहता पाहता आटते. १९२१ मध्ये आंबेडकरांनी लंडनहून शाहू महाराजांना पत्र लिहून आणखी रक्कम कर्जाऊ मागितली आणि ती परत करण्याची हमी दिली. १९२३ मध्ये त्यांना डी. एस्सी. मिळाली, ती रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधासाठी. या प्रश्नाची झळ त्या काळच्या प्रत्येक भारतीय विद्यार्थ्याच्या पेटीपर्यंत पोहोचत होती.

बडोद्याचा अनुभव कटू असूनही त्यांनी उपकाराचे विस्मरण होऊ दिले नाही. प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला, तो सयाजीरावांना अर्पण केलेला आहे. परंतु प्रत्येक हुशार मुलाला केळुस्कर भेटतील आणि प्रत्येक संस्थानाला सयाजीराव लाभतील, या भरवशावर समाजाचे शिक्षण चालत नाही, हेही त्यांनी ओळखले होते. जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन सादर केले. त्यात शिक्षणाविषयीची मागणी तुलनेच्या पायावर उभी होती. बनारस आणि अलीगढ या विद्यापीठांना सरकार प्रत्येकी तीन लाख रुपयांचे वार्षिक अनुदान देते. मग अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी तरतूद का नसावी, असा तो मुद्दा होता. अखेर वर्षाला तीन लाख रुपये मंजूर झाले आणि १९४४ मध्ये अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. पुढे १९४८ मध्ये ती अनुसूचित जमातींनाही लागू झाली. तरुणपणी त्यांनी स्वतःसाठी मुदतवाढ मागितली होती. मंत्री झाल्यावर त्यांनी आकडे पुढे ठेवून साऱ्या समाजासाठी कायमची तरतूद मागितली.

पनवेल ज्या जिल्ह्यात आहे, त्याच तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात, महाडला, १९२७ मध्ये त्यांनी चवदार तळ्याच्या पाण्याचा हक्क बजावला. शिक्षणाच्या मदतीविषयीची त्यांची भूमिका त्याच विचारातून आलेली आहे. म्हणून आज पनवेल-उरणच्या एखाद्या विद्यार्थ्याचा अर्ज नामंजूर झाला, तर त्याने कारण लेखी मागावे, त्रुटी दूर करून मुदतीत पुन्हा दाद मागावी आणि रक्कम का अपुरी पडते ते खर्चाच्या आकड्यांनिशी दाखवावे. पण हा भार एकट्या विद्यार्थ्यावर टाकून चालणार नाही. केळुस्करांनी एका मुलासाठी जे केले, ते प्रत्येक मुलासाठी करणे हे महाविद्यालयाच्या कार्यालयाचे काम आहे. आणि मंजूर रक्कम शैक्षणिक वर्षाच्या आत हाती देणे हे शासनाचे. मुदत आणि अभ्यास यांचा मेळ न बसल्यामुळे आंबेडकरांची तीन वर्षे गेली. ती भरून काढण्याची जिद्द त्यांच्यापाशी होती. एखाद्या सामान्य मुलीचे एक वर्ष गेले, तर तिचे शिक्षणच संपते.