नादाचे शास्त्र उलगडणारे रामन

मैफल सुरू होण्यापूर्वी तबलजी हातोडीने तबला गायकाच्या षड्जाशी जुळवून घेतो. डफाचा आवाज मात्र असा नेमक्या स्वरात बसत नाही. कातडे दोन्हींवर ताणलेलेच असते. मग हा फरक का? या प्रश्नाचे उत्तर प्रयोगांतून शोधणारे शास्त्रज्ञ म्हणजे चंद्रशेखर वेंकट रामन.

रामन यांचा जन्म ७ नोव्हेंबर १८८८ रोजी तिरुचिरापल्ली येथे झाला. १९०७ साली ते कोलकात्यात सरकारच्या वित्त खात्यात अधिकारी झाले. कचेरीपूर्वीचा आणि नंतरचा सारा वेळ मात्र ते डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली स्थापन केलेल्या विज्ञानसंस्थेत घालवीत. घरी पत्नी लोकसुंदरी वीणा वाजवीत. व्हायोलिन, वीणा, तंबोरा या वाद्यांचा रामन यांनी तेथे कसून अभ्यास केला. मृदंगाच्या कातड्यावर बारीक वाळू पसरून ते थाप देत. कातडे जेथे कंप पावत नाही, त्या रेषांवर वाळू गोळा होई आणि कंपनाची आकृतीच डोळ्यांसमोर उभी राही. कातड्याच्या मध्यावरील शाईच्या भारामुळे मूळ स्वराबरोबर उमटणारे उपस्वर त्याच्या दुप्पट, तिप्पट अशा प्रमाणात येतात आणि म्हणून नाद सुरेल होतो, असे त्यांनी दाखविले. हे संशोधन १९२० साली प्रसिद्ध झाले. वाद्ये घडविणाऱ्या अनामिक कारागिरांच्या बुद्धीला शास्त्राने दिलेली ती दादच होती.

१९३० साली प्रकाशाच्या विकिरणावरील संशोधनासाठी त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या झगमगाटात नादावरील त्यांचे काम काहीसे झाकोळून गेले, ही खेदाची गोष्ट.

१९३३ साली रामन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले. हे पद मिळविणारे ते पहिले भारतीय. पुढल्याच वर्षी भारतीय तालवाद्यांवर त्यांनी पुन्हा लिहिले. मतभेदांमुळे १९३७ साली त्यांना संचालकपद सोडावे लागले. मात्र प्राध्यापक म्हणून ते तेथेच राहिले. १९४८ साली निवृत्त झाल्यावर त्यांनी त्याच शहरात स्वतःची संशोधनसंस्था उभारली. सरकारी पैसा घेतला की स्वातंत्र्य जाते, अशी त्यांची धारणा होती. म्हणून त्यांनी देणग्यांसाठी दारोदार फिरणे पत्करले.

या संस्थेत दरवर्षी २ ऑक्टोबरला गांधीजींच्या स्मरणार्थ ते व्याख्यान देत. विद्यार्थी आणि सामान्य नागरिकही ते ऐकण्यास येत. शाळकरी मुलांना तर ते आपल्या संग्रहातील खनिजे आणि हिरे हौसेने दाखवीत. अंधाऱ्या खोलीत चमकणारे दगड पाहून मुले हरखून जात. पाहिल्यावाचून कळत नाही, यावर त्यांचा विश्वास होता.

१९७० सालच्या व्याख्यानासाठी त्यांनी विषय निवडला तो कानाचा : आत शिरलेला नाद माणसाला कळतो कसा? तेव्हा ते ८१ वर्षांचे होते. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरला त्यांचे निधन झाले. संस्थेच्या बागेतच त्यांच्यावर अंत्यसंस्कार करण्यात आले.