एका खात्यातून दोघं एकाच वेळी पैसे काढतात, तरी हिशेब का चुकत नाही? जिम ग्रे यांची गोष्ट

समजा, बाप-लेकाचं जॉइंट अकाउंट आहे. शिल्लक ५ हजार. हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावात वडील ४ हजार काढतायत आणि त्याच क्षणी पुण्यात पोरगा कुणाला तरी ४ हजार पाठवतोय.

दोन्हीकडच्या प्रोग्रॅमनी शिल्लक वाचली, ५ हजार. दोघांनीही ४ हजार वजा केले आणि १ हजार लिहून टाकले. म्हणजे गेले ८ हजार, तरी खात्यात १ हजार शिल्लक!

प्रत्यक्षात असं होत नाही. त्यात मोठा वाटा आहे जिम ग्रे यांचा.

१९४४ साली सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या ग्रे यांनी १९६९ मध्ये बर्कले विद्यापीठातून पीएचडी घेतली. पुढे ते आयबीएममध्ये सिस्टम आर या डेटाबेसवर काम करू लागले. तिथं हाच प्रश्न होता. डेटा एक, वापरणारे अनेक.

१९७६ मध्ये ईश्वरन, लोरी आणि ट्रेगर या सहकाऱ्यांसोबत त्यांनी एक पेपर लिहिला. त्यातली युक्ती म्हणजे टू-फेज लॉकिंग. नोंदीला हात लावण्याआधी तिला कुलूप लावायचं. ते निघेपर्यंत दुसऱ्यानं थांबायचं. आणि एकदा कुलपं काढायला सुरुवात केली की नवं लावायचं नाही. त्यामुळं अर्धवट हिशेब दुसऱ्याच्या हाती पडत नाही. आपल्या उदाहरणात पोरग्याचा व्यवहार क्षणभर थांबतो, मग त्याला खरी शिल्लक दिसते, १ हजार.

पण मध्येच वीज गेली तर? व्यवहार पूर्ण तरी व्हावा, नाहीतर झालाच नाही असं तरी व्हावं, यासाठीही ग्रे यांनी काम केलं. १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार त्यांना मिळाला.

२८ जानेवारी २००७. आईच्या अस्थी समुद्रात सोडायला ते एकटेच आपली शिडाची बोट घेऊन फॅरालॉन बेटांकडे निघाले. परत आलेच नाहीत.

तटरक्षक दलानं काही दिवस शोधलं. मित्रांनी उपग्रहाचे फोटो मिळवून इंटरनेटवर टाकले. हजारो लोक घरबसल्या त्या फोटोंत बोट शोधत होते. ना बोट सापडली, ना ग्रे.

२०१२ मध्ये कोर्टानं त्यांना मृत घोषित केलं. त्यांचं काम मात्र आजही तुमच्याआमच्या पासबुकात चालू आहे.