मेलेल्या चिमणीने घडवलेला पक्षीमित्र : डॉ. सलीम अली

विंचूर (ता. निफाड) : थंडी पडली की आपल्या तालुक्यात नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघणाऱ्यांच्या गाड्या सुरू होतात. या पाणथळीला महाराष्ट्राचं भरतपूर हे नाव डॉ. सलीम अलींनी दिलं, असं सांगतात. १९८२ साली ते इथे येऊन गेले. पुढे १९८६ ला अभयारण्य जाहीर झालं आणि २०२० ला रामसर यादीत राज्यातलं पहिलं नाव आपलं लागलं.

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईचा. लहानपणीच आई-वडील गेले, मामांनी वाढवलं. दहा वर्षांचे असताना छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे घरात कुणालाच सांगता येईना. मामांनी पोराला थेट बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत पाठवलं. तिथले सचिव मिलार्ड साहेब रागावले नाहीत. त्यांनी कपाटाचे खण उघडून पेंढा भरून ठेवलेले शेकडो पक्षी दाखवले. त्या खणांनी पोराला कायमचं वेड लावलं.

पण वेडावर पोट भरत नाही. घरच्या धंद्यासाठी ब्रह्मदेशात गेले, तिथे जम बसला नाही. पदवी नसल्याने सरकारी प्राणीशास्त्र खात्यातही जागा मिळाली नाही. १९२६ ला मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, निसर्ग विभागाची माहिती लोकांना सांगायची नोकरी लागली. पुढे रजा काढून बर्लिनच्या संग्रहालयात शिकायला गेले. १९३० ला परतले तर पैशाअभावी ती जागाच बंद झालेली!

घरभाडं परवडेना म्हणून पत्नी तहमिनासोबत अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. तिथे घराजवळच्या झाडावर सुगरणीची घरटी होती. रोज बसून निरीक्षण केलं. घरटं नर विणतो. अर्धं झालं की मादी येऊन तपासते, पसंत पडलं तरच राहते. मग ते पुरं करून नर दुसरं विणायला घेतो. नोकरी गेली नसती तर हा अभ्यास कदाचित झालाच नसता. पुढे संस्थानांच्या पक्षी-पाहण्या त्यांनी पगार न घेता, फक्त खर्चावर केल्या. १९३९ ला तहमिना गेल्या. १९४१ ला भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं गाजलेलं पुस्तक आलं.

आता कुणी म्हणेल, मेलेले पक्षी कपाटात ठेवून फायदा काय? संग्रहालयातल्या प्रत्येक नमुन्याच्या पायाला चिठ्ठी बांधलेली असते. पक्षी कुठे सापडला, कोणत्या तारखेला, नर की मादी. चिठ्ठी नसेल तर तो नमुना अभ्यासाला जवळपास निकामी. इंग्लंडमध्ये अशाच जुन्या संग्रहातली बहिरी ससाण्याची अंडी तपासली, तेव्हा १९४७ च्या सुमारापासून टरफलं पातळ झाल्याचं दिसलं. कारण निघालं डीडीटी. द्राक्षावर, कांद्यावर फवारे मारणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. जुनी अंडी जपलीच नसती, तर तुलना कशाशी केली असती?

स्वातंत्र्यानंतर सोसायटी पैशाअभावी अडचणीत आली, तेव्हा सलीम अलींनी पंडित नेहरूंना पत्र लिहून मदत मिळवली. तिथला लाखाच्या वरचा संग्रह टिकला, त्यात त्यांचा मोठा वाटा आहे. १९७६ ला पद्मविभूषण मिळालं, १९८५ ला राज्यसभेवर गेले, १९८७ ला त्यांचं निधन झालं.

आज पक्षी मारणं गुन्हा आहे, आणि नोंद ठेवायला बंदुकीची गरजही राहिलेली नाही. मोबाईलवर फोटो काढा, पण गावाचं नाव आणि तारीख लिहायला विसरू नका. ५ ते १२ नोव्हेंबर राज्यात पक्षी सप्ताह असतो. निदान त्या आठवड्यात पोरांना घेऊन आपल्या धरणावर एक चक्कर माराच.